ठासणीची बंदूक आणि जानेवारीचा बर्फ: माझ्या फ्लिंटलॉकचा तीन सीझननंतरचा रिव्ह्यू

"खट्."

बस, एवढाच आवाज. समोर चाळीस यार्डांवर मादी हरीण आडवी उभी, वारा माझ्या तोंडावर, गुडघ्याएवढा बर्फ, तीन दिवस थंडीत कुडकुडून मिळालेला चान्स, आणि मी चाप ओढल्यावर बंदुकीने फक्त खट् केलं. ठिणगी नाही, धूर नाही, काही नाही. हरणाने मान वळवून माझ्याकडे बघितलं, मी घोडा परत चढवला, परत ओढला, परत खट्. तिसऱ्या वेळी ती शेपटी वर करून निघून गेली, आणि खरं सांगतो पळालीसुद्धा नाही, चालत गेली. एवढा अपमान ऑफिसातपण झाला नव्हता कधी.

तर रिव्ह्यू त्या बंदुकीचा आहे. .५० कॅलिबर, फ्लिंटलॉक म्हणजे चकमकीच्या ठिणगीने बार काढणारी, २८ इंच नळी, वजन साधारण आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या वर, मला साधारण सहाशे डॉलरला पडली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण एका पीसवरून सगळ्या कंपनीला नावं ठेवणं मला पटत नाही, आणि दुसरं म्हणजे या किमतीतल्या बऱ्याच बंदुकांची गोष्ट मला हीच ऐकायला मिळालीय, त्यामुळे नाव कळून फार फरक पडणार नाही. बजेटमधली फ्लिंटलॉक घेताना काय बघायचं ते कळलं की झालं.

आधी थोडं बॅकग्राउंड, कारण पुण्यातले मित्र विचारतात की अरे २०२० नंतरच्या जगात तू चकमकीची बंदूक घेऊन कुठे फिरतोस. मी राहतो पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गच्या जवळ. इथे हरणांच्या शिकारीचे वेगवेगळे सीझन असतात, धनुष्यबाणाचा, मग थँक्सगिव्हिंगच्या नंतरच्या शनिवारपासून मोठा रायफल सीझन, आणि सगळ्यात शेवटी, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, फ्लिंटलॉकचा. हा शेवटचा सीझन १९७४ साली सुरू झाला आणि त्याची गंमत ही की त्यात दुसरी कुठलीच बंदूक चालत नाही. ऑक्टोबरमध्ये एक आठवडा मादी हरणांसाठी मझललोडरचा, म्हणजे नळीच्या तोंडातून ठासायच्या बंदुकीचा, असतो तेव्हा मॉडर्न इनलाइन मझललोडर (चकमक नसलेली, नव्या बनावटीची) चालते, दुर्बीण लावलेली चालते, पण डिसेंबर-जानेवारीत मात्र गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडली पाहिजे, तरच ती बंदूक. केपवाली, म्हणजे टिकलीसारख्या स्फोटक टोपीवर बार काढणारी, तीसुद्धा नाही. म्हणजे अख्खं राज्य दोन-तीन आठवडे अठराव्या शतकात जातं. आणि ते शोभतंही, कारण लांब नळीची पेनसिल्व्हेनिया रायफल इथल्याच लँकेस्टर भागातल्या जर्मन कारागिरांनी घडवलेली, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर.

आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझंही मत आहे, त्यामुळे कृपया कमेंटमध्ये भांडू नका. इथली परिस्थिती वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राज्यात हरणं जवळजवळ संपली होती, १९०६ पासून मिशिगनमधून आणून सोडली, आणि आता लांडगे नाहीत, प्यूमा नाहीत, तर हरणं इतकी झालीत की जंगलात नवीन झाड उगवू देत नाहीत आणि माझ्या बायकोची ट्युलिप तर एकही वर्ष फुलू दिली नाहीत. ती शिकारीच्या विरोधात होती. ट्युलिपच्या तिसऱ्या वर्षानंतर नाही.

आणि मला ओढ वेगळ्याच कारणाने. माझ्या आजोबांकडे कुडाळजवळच्या गावात ठासणीची बंदूक होती, शेती संरक्षणाच्या परवान्याची. रानडुकरं नि माकडं हाकलायला. निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा करायची, मग निकाल लागल्यावर परत आणायची, त्यामुळे आम्हा पोरांना निवडणूक म्हणजे आजोबांची बंदूक गावाला जाऊन येते एवढंच माहीत. ती केपाची होती, दिवाळीच्या टिकल्यांची थोरली बहीण म्हणा. नळीतून दारू, वर सोडणाचा बोळा, मग छर्रे, मग गजाने ठास ठास ठासायचं. पावसाळ्यात आजोबा ती घोंगडीत गुंडाळून ठेवायचे आणि म्हणायचे, "दारू भिजली काय ती बंदूक नाय, नुसतो दांडो." हे वाक्य मी पेनसिल्व्हेनियात बर्फात बसून जितक्या वेळा आठवलंय तितक्या वेळा आजोबा स्वतःही बोलले नसतील.

आता बंदुकीकडे येऊ.

नळी एक नंबर. याबद्दल तक्रार शून्य. आतले आटे स्वच्छ, ४८ इंचात एक पीळ. जाणकार सांगतात की कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीला याहून सावकाश पीळ लागतो, ६६ इंच वगैरे, आणि ४८ म्हणजे गोल गोळी आणि लांबट गोळी दोन्ही चालवायची तडजोड. असेल. पण माझ्या बंदुकीत .४९० ची शिशाची गोळी, जाड सुती कापडाचा तेलकट तुकडा आणि ७० ग्रेन दारू, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, एवढ्यावर पन्नास यार्डांवर तीन गोळ्या मुठीएवढ्या जागेत जातात, तेही माझ्यासारख्या आयटीवाल्याच्या हातून. ९० ग्रेनवर गेलो तर गोळ्या रस्ता सोडतात आणि खांदा शिव्या देतो. लोक जास्त दारू म्हणजे जास्त लांब असं समजतात, पण ओपन साइटने, म्हणजे दुर्बिणीशिवाय, संध्याकाळच्या उजेडात, मी पन्नास-साठ यार्डांपलीकडे मारणारच नाहीये, मग कशाला.

दस्ता ठीकठाक, बीच लाकडाचा असावा, रंग असा मारलाय की पंचवीस वर्षांपूर्वीच्या सनमायका फर्निचरची आठवण यावी. मागची-पुढची साइट चालेल. गज मात्र लाकडी दिलाय तो लगेच बाजूला ठेवा आणि चांगला फायबरचा किंवा धातूचा घ्या, लाकडी गज गोळी ठासताना मोडला तर तिरकी फाक तळहातात घुसते, हे मला शेजारच्या म्हाताऱ्याने स्वतःचा तळहात दाखवून सांगितलं. हा म्हातारा या सगळ्या कथेचा खरा हिरो आहे, व्हिएतनामच्या काळातला माणूस, पहिल्या सीझनपासून दर वर्षी फ्लिंटलॉक घेऊन जातोय, आणि मी त्याला काका म्हणतो ते त्याला फार आवडतं, उच्चार "खाखा" असा करतो.

आता मुद्द्याचं. लॉक.

फ्लिंटलॉकमध्ये सगळा खेळ लॉकचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. घोड्याच्या जबड्यात गारगोटी पकडलेली असते. समोर एक वाकडी पोलादी पाटी उभी असते, तिला इथे फ्रिझन म्हणतात, आणि तिच्या पायाने ती खालचं छोटं पॅन झाकून ठेवते. पॅनमध्ये चिमूटभर बारीक दारू, म्हणजे आपल्या बखरीतलं रंजक. चाप ओढला की गारगोटी पाटीवर घासत खाली येते, पाटी पुढे पडते, पॅन उघडं होतं, आणि गारगोटीने पोलादाचे जे बारीक कण खरवडले ते तापून लाल होऊन रंजकात पडतात. रंजक भडकतं, त्याची आच नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, तोफेला जसा कान असतो तशाच कानातून, आतल्या दारूला लागते, मग बार. आणि हे सगळं ओळीने घडेपर्यंत तुम्ही हलायचं नाही. डोळ्यासमोर सहा इंचांवर जाळ होतो तरी डोळा मिटायचा नाही. रायफलवाल्यांना हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

लक्षात घ्या, जळतं ते पोलाद, दगड नाही. दगड नुसता खरवडतो. त्यामुळे पाटीचं पोलाद टणक पाहिजे. मऊ असेल तर दगड त्यात चरे पाडतो, जाडे थंड कण निघतात, ठिणगी नावापुरती. माझ्या बंदुकीची पाटी मऊ होती. साधी कानस घेऊन कोपऱ्यावर हळूच फिरवली तर कानस चावत होती, टणक पाटीवर ती काचेसारखी घसरायला पाहिजे. हे मला पहिल्या सीझननंतर कळलं, काकांनी दाखवल्यावर. विकत घ्यायच्या आधी दुकानात कानस घेऊन कोण जातं सांगा.

त्यात कंपनीने सोबत दिलेला दगड. तो मशीनने कापलेला अकीक, दिसायला एकदम गुळगुळीत, अंगठीत बसवावा असा, पण धारेच्या बाबतीत बटाटा. इंग्लंडच्या ब्रँडनची काळी गारगोटी, हाताने फोडलेली, ती लावली आणि त्याच मऊ पाटीवरसुद्धा ठिणग्यांचा पाऊस नाही तरी रिमझिम सुरू झाली. एक दगड दोन-तीन डॉलरला मिळतो. सहाशेची बंदूक तीन डॉलरच्या दगडावर अडली होती! दगड चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून जबड्यात घट्ट बसवायचा, धार पाटीला पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे, आणि वीस-पंचवीस बार झाले की पितळी तुकड्याने हलकेच टिचक्या मारून नवी धार काढायची. माझा एक दगड साधारण तीस बार टिकतो.

दुसरी चूक माझी आणि दुकानदाराची मिळून. मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात गेलो, नाव सांगत नाही, काउंटरवरच्या पोराने एकदम कॉन्फिडन्समध्ये सांगितलं की ही सबस्टिट्यूट पावडर घ्या, सगळ्या मझललोडरला चालते, साफसफाई सोपी. अरे बाबा इनलाइनला चालते! फ्लिंटलॉकला खरी काळी दारू लागते, तीच जुनी सोरा, गंधक आणि कोळशाची, ७५-१०-१५ च्या आसपास. सबस्टिट्यूट पेटायला जास्त उष्णता लागते आणि चकमकीच्या ठिणगीत तेवढा दम नसतो. पहिल्या सीझनला माझ्या पॅनमध्ये तीच होती. म्हणजे मऊ पाटी, बोथट दगड आणि चुकीची दारू, तिन्ही एकाच वेळी, आणि मी समोरच्या हरणाला दोष देत होतो की ती जास्त वेळ थांबली नाही.

खरी काळी दारू मिळणं हा वेगळा त्रास. सगळी दुकानं ठेवत नाहीत. अमेरिकेतली गोएक्स कंपनी २०२१ मध्ये बंद होणार अशी बातमी आली तेव्हा काकांनी गॅरेजमध्ये डबे भरून ठेवले होते, मग २०२२ मध्ये एस्टेस, हो तेच पोरांच्या खेळण्यातले रॉकेट बनवणारे, त्यांनी ती घेतली आणि लुइझियानातला कारखाना चालू राहिला. रॉकेटच्या छोट्या मोटरमध्येही काळी दारूच असते म्हणे, त्यामुळे त्यांचंही अडलं असतं. नळीत मी टू एफ वापरतो, जाडी रवाळ, आणि पॅनमध्ये फोर एफ, अगदी पिठासारखी. एक डबा फोर एफ मला वाटतं माझ्या नातवालाही पुरेल, कारण प्रत्येक वेळी तीन-चार ग्रेनच लागते. आणि पॅन काठोकाठ भरायचं नाही, नवशिके भरतात, मग कान बुजतो आणि आच जायच्या ऐवजी वातीसारखं जळत जळत जावं लागतं, फूऽऽस करून मग धाड. दुसऱ्या सीझनला हेच केलं. ठिणगी पडली, रंजक भडकलं, मी डोळे मिटले, बार झाला तोपर्यंत नळी हरणाच्या दोन फूट वर होती. एक हेमलॉकचं झाड जखमी.

तापलेली किंवा फुसकी गेलेली बंदूक लगेच खाली करू नका हं, रंजक भडकून बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून मिनिटभर थांबा. आणि दारू कधीही डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत ओतू नका, आत निखारा असला तर हातातला डबाच फुटेल, मापात घ्या मग मापातून ओता. गजावर एक खूण करून ठेवा, भरलेली असताना गज कुठपर्यंत जातो त्याची, म्हणजे एकावर एक दोन गोळ्या भरायची पाळी येत नाही. काका म्हणतात त्यांच्या पाहण्यात असे दोन वीर झाले.

आता लेट सीझनचा खरा शत्रू, ओल. थंडी नाही हो, थंडी तर हँड वॉर्मरने जाते. ओल. काळी दारू हवेतली ओल खेचते, आणि जळल्यावर जी काजळी राहते ती तर दुप्पट खेचते. बर्फ पडत असला की झाडावरून धुळीसारखा खाली येतो, लॉकवर बसतो, श्वासाच्या वाफेने वितळतो आणि पाणी पाटीच्या फटीतून पॅनमध्ये. माझ्या बंदुकीची पाटी आणि पॅन यांच्यात इतकी फट होती की कागद आत जायचा. यालाच मी लॉकची स्वस्त घडण म्हणतो. उपाय काय, पॅनच्या कडेला मेण आणि चरबी बोटाने लावायची, लॉकवर चामड्याचं झाकण बांधायचं (इथे त्याला गाईचा गुडघा म्हणतात, का ते बघितल्यावर कळतं), आणि दर तासाला जुनं रंजक झटकून कोरड्या फडक्याने पुसून नवीन टाकायचं. तासाला म्हणजे तासाला. मी फोनवर व्हायब्रेशनचा अलार्म लावतो, अठराव्या शतकातल्या बंदुकीसाठी.

चरबीवरून आठवलं. कापडाला लावायला मी पहिल्यांदा साजूक तूप वापरलं, घरात होतं म्हणून. शून्याखाली आठ सेल्सिअसला तूप दगड होतं, गोळी नळीत अर्ध्यावर अडकली आणि मी बर्फात उभा राहून गजावर लोंबकळत होतो. आता मेण आणि ऑलिव्ह ऑइल एकत्र वितळवून लावतो. काका टॅलो वापरतात, म्हणजे गाईची चरबी, मला एक डबी दिली होती प्रेमाने, आणि मी त्यांना १८५७ ची, एनफिल्डच्या काडतुसांची गोष्ट सांगितली, ती पण ठासणीचीच बंदूक होती, काडतूस दातांनी फोडून दारू ओतायची. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मग तू मेणच लाव.

अजून एक, आणि हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये मला दिसलं नाही. संध्याकाळी बंदूक भरलेली असली आणि उद्या सकाळी परत जायचं असेल तर ती गरम घरात आणू नका. थंडगार लोखंड उबेत आलं की आतून-बाहेरून घाम फुटतो, चष्म्यावर वाफ येते तसा, आणि दारूचा चिखल. मी आधी कारकडे येताना पॅनमधलं रंजक झटकून टाकायचो, इथल्या नियमाप्रमाणे रंजक काढलं की फ्लिंटलॉक रिकामी धरतात, बंदुकीच्या कानात पिसाचा देठ खुपसायचो, आणि ती रात्रभर कुलूप लावलेल्या थंड गॅरेजमध्ये. घरात लहान मुलं असतील तर हे सुद्धा करू नका, रानातच सुरक्षित जागी मातीच्या बांधात बार काढून या आणि रिकामी करून आणा. मी आता तेच करतो, मुलगा चालायला लागल्यापासून.

बार काढला की त्याच दिवशी धुवायची. उद्यावर टाकलं की गंज. गरम पाणी आणि भांड्याचा साबण, बादलीत नळी बुडवून गजाने पंपासारखं वर-खाली, मग कोरडी करून तेल. वास सडक्या अंड्याचा. बायकोने बाथरूममधून हाकललंय, आता बॅकयार्डमध्ये.

तर इतकं सगळं करून तिसरा सीझन. लॉक खोलून पाटी एका जाणकार कारागिराकडून परत कडक करून घेतली, ब्रँडनचा दगड, खरी दारू, फटीला मेण. जानेवारीचा पहिला आठवडा, पेरी काउंटीतलं टस्कारोरा स्टेट फॉरेस्ट, आदल्या रात्री सहा इंच बर्फ. या दिवसांत हरणं वेगळी वागतात. माजाचा काळ संपलेला, रायफल सीझनमध्ये दोन आठवडे सगळ्यांनी हाकललेली, त्यामुळे माणसाचा नुसता वास आला तरी गायब, दिवसभर दाट माउंटन लॉरेलच्या जाळीत किंवा हेमलॉकखाली बसून राहतात, शक्ती वाचवतात, आणि उन्हं उतरताना खायला बाहेर पडतात. दक्षिणेकडचा उतार, जिथे ऊन लागून बर्फ पातळ होतो आणि खाली ओकची फळं असतात, तिथे बर्फ उकरल्याच्या ताज्या खुणा दिसल्या. सकाळी खुणा बघितल्या, दुपारी अडीचला वाऱ्याच्या खालच्या अंगाला एका पडलेल्या झाडामागे बसलो. डोक्यावर नारिंगी टोपी, ती मी कायम घालतो, दुसऱ्या शिकाऱ्याच्या हातातही बंदूकच असते.

साडेतीनला रंजक बदललं. चार वाजता, पुढचा अलार्म वाजायच्या आधीच, त्या आल्या. तीन माद्या, पुढची मोठी, दर चार पावलांना थांबून नाक वर. थंडीत हातमोजा काढून चामड्याचं झाकण सोडवायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मुंबई-पुणे झालं असतं. घोडा चढवताना चाप किंचित दाबून धरला म्हणजे टक् आवाज होत नाही, हे पण काकांचं. पंचेचाळीस यार्ड. मोठी आडवी झाली. चाप ओढला, आणि यावेळी खट् नाही, छक्-धाड्, एकच आवाज वाटावा इतकं जवळ. आणि समोर पांढऱ्या धुराची भिंत.

काळ्या दारूची ही अजून एक गोष्ट, बार झाल्यावर काय झालं ते तुम्हाला दिसतच नाही. मी खाली वाकून धुराच्या खालून बघितलं, दोन शेपट्या उतारावरून जाताना दिसल्या. दोन. हात इतके थरथरत होते की परत भरताना अर्धी दारू बर्फात सांडली. अर्धा तास थांबलो, घड्याळ बघत, कारण लगेच मागे गेलं तर जखमी जनावर उठून मैलभर जातं. मग बर्फावर रक्त, ठळक, साठ-सत्तर पावलं, एका लॉरेलच्या झुडपाखाली ती पडलेली. मेलेली. मी टोपी काढून जरा वेळ नुसता उभा राहिलो. आनंद झाला असं म्हणता येणार नाही, आणि वाईट वाटलं असंही नाही. जे वाटलं त्याला माझ्याकडे शब्द नाही, त्यामुळे तेवढं सोडतो.

हरणाच्या कानाला टॅग, आतडी काढणं (यूट्यूबवर बघणं आणि थंडीत कोपरापर्यंत हात घालणं यात फरक आहे), आणि बर्फावरून ओढत अंधारात दीड मैल. नियमाप्रमाणे दहा दिवसांत ऑनलाइन रिपोर्ट. राज्याच्या काही भागात हरणांना मेंदूचा तो वेस्टिंग डिसीज आहे, २०१२ पासून, तिथून डोकं आणि पाठीचा कणा बाहेर न्यायला बंदी आहे, तुमचा भाग त्यात येतो का ते गेम कमिशनच्या, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याच्या, नकाशावर बघूनच जा.

मटण. मंडळी, हे मटण बोकडाचं समजून शिजवू नका. चरबी जवळजवळ नाहीच, कुकरला सहा शिट्ट्या दिल्या तर सुकं दोरखंड होतं. पहिल्या वेळी तेच झालं. मग बायकोने रात्रभर दही, आलं-लसूण, हळद लावून ठेवलं, मालवणी मसाला, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण, वरून चांगलं चमचाभर जास्त तेल, आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर दोन तास. वडे नव्हते, टॉर्टिया होते. काका जेवायला आले, तीन वेळा रस्सा घेतला, नाक लाल झालं, आणि म्हणाले की पन्नास वर्षं मी हे मांस वाया घालवलं. जास्त झालं तर इथे हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट म्हणून उपक्रम आहे, त्यातून गरजूंना देता येतं.

आता रेटिंग. नळी ५ पैकी ५. दस्ता ३. लॉक, जशी डब्यातून आली तशी, १, आणि तो १ सुद्धा स्क्रू बरे होते म्हणून. सोबतचा दगड शून्य. दुरुस्तीनंतरची बंदूक म्हणाल तर ४. एकूण साडेतीन.

घ्यावी का? फक्त ऑक्टोबरच्या आठवड्यासाठी हवी असेल तर अजिबात नको, इनलाइन घ्या, सुखी राहा. डिसेंबर-जानेवारीसाठी हवी असेल तर बजेटमध्ये सहाशे बंदुकीचे आणि वर निदान दीडशे-दोनशे लॉकवर जाणार असं धरूनच घ्या, किंवा वर्षभर थांबून सेकंडहँड पण चांगल्या लॉकची बघा, गन शोमध्ये म्हाताऱ्या लोकांकडे असतात आणि ते बोलायला लागले की दोन तास जातात पण फुकट शिकवतात. दुकानात हे बघा: अंधाऱ्या कोपऱ्यात, बंदूक रिकामी आहे याची स्वतः खात्री करून, दुकानदाराला विचारून, एकदा रिकामा घोडा पाडून ठिणगी बघा, त्या पॅनमध्ये पडतात की बाहेर उडतात ते बघा, पाटी आणि पॅनमध्ये उजेड दिसतो का बघा, कान पॅनच्या तळाशी नाही तर वरच्या कडेच्या रेषेत आहे का बघा.

ज्यांनी मेसेजमध्ये विचारलं होतं की भारतीयाला इथे चालतं का, तर माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स केलाय, लायसन्स आणि वरचा मझललोडरचा वेगळा परवाना दर वर्षी काढतो. व्हिसावर असाल तर माझ्यासारख्याच्या रिव्ह्यूवर जाऊ नका, वकिलाला विचारा. न्यू जर्सीवाल्यांनी तर आधी विचाराच, नदीपलीकडे ठासणीच्या बंदुकीचे नियमही वेगळे आहेत. आणि सीझनच्या तारखा त्या वर्षीच्या डायजेस्टमध्ये, म्हणजे शिकारीच्या नियमपुस्तिकेत, बघा, माझ्या पोस्टवरून सुट्टी टाकू नका.

पाटी आता परत चरे दाखवायला लागलीय, म्हणून या उन्हाळ्यात पूर्ण लॉकच बदलतोय, हाताने बनवणाऱ्याकडे ऑर्डर टाकलीय, वेटिंग लांब आहे. जुना लॉक काकांनी मागितलाय, म्हणतात नातवाला खोलून दाखवायला बरा आहे. दगड मात्र मी परत घेणार, तो ब्रँडनचा आहे.